जीव्हजचं पहिलं नाव

एक कबुली देऊन सुरुवात करतो. ही गोष्ट पन्नास वर्षांत मी कुणाला सांगितलेली नाही, घरातसुद्धा नाही.

१९७५ चा फेब्रुवारी महिना. मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत नुकताच लागलो होतो. मराठी आणि इतिहास शिकवायचो. एके दिवशी मधल्या सुट्टीत आमचे इंग्रजीचे सर वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन गप्प बसलेले दिसले. मला वाटलं, घरचं कुणी गेलं. विचारलं तर म्हणाले, "वुडहाऊस गेला हो." मीही चेहरा पाडला. वुडहाऊस कोण हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. त्यांना शिकवणारा कुणी मिशनरी असावा, असा मी आपला समज करून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक जीर्ण झालेलं पुस्तक आणून दिलं, 'राइट हो, जीव्हज'. म्हणाले, "वाचा आणि मग सांगा."

मी मराठी माध्यमातला, बीएलाही मराठीच घेतलेलं. इंग्रजी यायचं ते परिपत्रक समजण्यापुरतं. शब्दकोश घेऊन पहिली तीन पानं वाचली. शब्द सगळे कळले, पण हसायचं कुठे ते कळेना. आठ दिवसांनी पुस्तक परत केलं आणि ठोकून दिलं, "वा! हसून हसून पुरेवाट झाली." त्यांनी विचारलं, "आणि तो बक्षीस समारंभ कसा वाटला?" मी म्हटलं, "फारच छान पार पडला." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि पुस्तक पिशवीत टाकलं. पुन्हा त्यांनी मला कधी पुस्तक दिलं नाही.

तो समारंभ कसा 'पार पडला' हे मला कळलं २०१४ साली, म्हणजे निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर. सूनबाईंच्या कपाटात तेच पुस्तक सापडलं. आता वेळ भरपूर होता आणि अडलेला शब्द फोनवर बघता येत होता. त्या कादंबरीत गसी फिंक-नॉटल नावाचा एक भिडस्त तरुण आहे. पाणसरडे पाळणं हा त्याचा छंद आणि संत्र्याचा रस हे त्याचं पेय. त्याला एका शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून उभं करतात आणि धीर यावा म्हणून त्या रसात दारू मिसळतात. त्यानेही भीतीपोटी आधीच चढवलेली असते. मग व्यासपीठावर जे काही घडतं ते मी सांगत नाही. पण ज्या माणसाने पस्तीस वर्षं व्यासपीठाच्या कडेला उभं राहून बक्षीस समारंभ सोसलेत, त्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. सौ. आतून धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला.

'फारच छान पार पडला' म्हणालो होतो मी!

असो. तेव्हापासून मी या दोघांच्या मागे लागलो. बर्टी वूस्टर आणि त्याचा जीव्हज. ज्यांना हे ठाऊक आहेत त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

बर्टी हा लंडनचा एक खुशालचेंडू. बापजाद्यांचा पैसा भरपूर, काम शून्य, मन लोण्याहून मऊ आणि डोकं यथातथा. मित्र अडचणीत आणतात, आत्या-मावश्या धारेवर धरतात आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी मुलगी त्याच्याशी परस्पर लग्न ठरवून मोकळी होते. त्याच्याकडे जीव्हज नोकरीला आहे. पुष्कळ लोक जीव्हजला बटलर म्हणतात, पण तो बटलर नव्हे. बटलर घराचा असतो, हा एका माणसाचा. आपल्याकडे पेशवाईत ज्याला हुजऱ्या म्हणत, तसा. कपडे काढून ठेवायचे, चहा आणायचा, सामान बांधायचं. पण जीव्हज वाचतो तत्त्वज्ञान आणि जाणतो माणसं. बर्टी खड्ड्यात पडतो, जीव्हज त्याला अलगद बाहेर काढतो. मोबदल्यात तो पैसे मागत नाही, बर्टीचे जांभळे मोजे, मिशा किंवा एखादी भडक टोपी यांचा बळी मागतो. एवढ्याच गोष्टीवर वुडहाऊसने ३५ कथा आणि ११ कादंबऱ्या लिहिल्या. पहिली कथा १९१५ सालची आणि शेवटची कादंबरी १९७४ ची. एकोणसाठ वर्षांत दोघांचं वय जवळजवळ वाढलंच नाही.

इतिहासाच्या मास्तराला अशा वेळी एकच खोड असते. हे आलं कुठून?

तर मंडळी, याचा एक धागा आपल्या रुपयापर्यंत येतो. पेल्हम ग्रेनव्हिल वुडहाऊसचा जन्म १८८१ चा. वडील हाँगकाँगला मॅजिस्ट्रेट होते आणि त्यांचं निवृत्तिवेतन रुपयांत मिळायचं. तेव्हाचा रुपया चांदीचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांदी घसरली, तिच्याबरोबर रुपया घसरला आणि इंग्लंडात बसून रुपयांत पेन्शन खाणाऱ्यांची पंचाईत झाली. दोन मुलांना ऑक्सफर्डला पाठवणं झेपणार नाही, असं वडिलांनी सांगितलं. थोरला आर्माइन गेला. धाकट्याला १९०० साली हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडनच्या कचेरीत चिकटवून दिलं. हिशेब त्याला कधीच कळले नाहीत. दिवसा बँक आणि रात्री लेखन अशी दोन वर्षं काढून १९०२ साली त्याने नोकरीला रामराम ठोकला. रुपया वधारलेला असता तर एक बरा वकील किंवा अधिकारी झाला असता आणि जीव्हज जन्माला आला नसता, असं मला आपलं वाटतं.

आणि तो ऑक्सफर्डला गेलेला थोरला भाऊ? तो थिऑसॉफीच्या ओढीने हिंदुस्थानात आला. बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात होता, जे. कृष्णमूर्तींना त्याने शिकवलं आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक झाला. बीएला असताना त्या फाटकावरून मी सायकलने शंभरदा गेलो असेन. मुंबईकरांनी तर हे नाव रोज उच्चारलेलं आहे. कुलाब्याचा वुडहाऊस रोड, आताचा नाथालाल पारेख मार्ग, हा १८७२ ते १८७७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर फिलिप वुडहाऊस यांच्या नावाचा. तेही याच घराण्यातले.

आता जीव्हज या नावाकडे येतो. मला सर्वांत जास्त चटका लावला तो या नावाच्या इतिहासाने.

१९१३ च्या उन्हाळ्यात वुडहाऊस चेल्टनहॅम इथे क्रिकेटचा सामना बघायला गेला होता. वॉरविकशायरकडून एक गोलंदाज खेळत होता, पर्सी जीव्हज. पांढरेशुभ्र कपडे नीटनेटके, चाल डौलदार. वुडहाऊसच्या लक्षात राहिला. दोन वर्षांनी अमेरिकेत बसून हुजऱ्याचं पात्र लिहिताना त्याला ते आडनाव आठवलं. हे त्याने पुढे १९६७ साली एका पत्राला उत्तर देताना स्वतः सांगितलं.

हा पर्सी जीव्हज यॉर्कशायरच्या साध्या घरातला. १९१३ च्या हंगामात त्याने १०६ बळी घेतले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ओव्हलच्या मैदानावर 'जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स' या सामन्यात तो प्लेअर्सकडून खेळला. हा सामना काय प्रकार होता ते सांगायला हवं. जंटलमेन म्हणजे हौशी, घरचे खाऊन-पिऊन सुखी, पैसे न घेता खेळणारे. प्लेअर्स म्हणजे पैसे घेऊन खेळणारे, पोटासाठी खेळणारे. एकाच देशाचे, पण मैदानावर यायची दारं कित्येक ठिकाणी वेगळी, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. धावफलकाच्या छापील कागदावरही भेद असायचा. हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी मानाने छापायची. धंदेवाईकाचं नुसतं आडनाव, किंवा आद्याक्षरं मागे टाकलेली. ही पद्धत मोडली १९६२ साली.

म्हणजे बघा, हुजऱ्यासाठी जे नाव वुडहाऊसने उचललं ते आधीच 'नुसत्या आडनावाचं' होतं.

युद्ध सुरू झाल्यावर पर्सी जीव्हज सैन्यात गेला. २२ जुलै १९१६ या दिवशी सोमच्या लढाईत तो मारला गेला. वय २८. प्रेत सापडलं नाही. फ्रान्समध्ये थिएपव्हाल इथे ज्यांना थडगं नाही अशांचं मोठं स्मारक आहे, त्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'जीव्हज टेक्स चार्ज' ही कथा अमेरिकेत छापून आली. बर्टीचा आधीचा नोकर मोजे चोरताना सापडतो, त्याला हाकलतात आणि दारात जीव्हज येऊन उभा राहतो, ती कथा. (१९१५ च्या पहिल्या कथेत बिचाऱ्याला दोनच वाक्यं होती.) एक जीव्हज चिखलात नाहीसा झाला आणि चार महिन्यांत दुसऱ्याने घराचा ताबा घेतला.

खऱ्या इंग्लंडात नोकरांचं जगणं कसं होतं? १९११ च्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकामाला असलेल्या बायकाच बारा-तेरा लाखांच्या घरात होत्या. पुरुष नोकर मात्र मोजके, कारण ती चैनीची बाब. इतकी चैनीची की त्यावर कर होता! अमेरिकेतल्या लढाईचा खर्च भागवायला १७७७ साली सरकारने पुरुष नोकरामागे वर्षाला एक गिनी कर बसवला. तो कमीजास्त होत राहिला आणि रद्द झाला थेट १९३७ साली. म्हणजे जीव्हजच्या निम्म्याअधिक गोष्टी लिहून होईपर्यंत त्याच्यावर कर लागू होता. कुत्रा पाळायचा परवाना असतो, तसा हुजऱ्या पाळायचा.

आणि एक कागद होता, 'कॅरेक्टर' नावाचा. आधीच्या मालकाने नव्या मालकाला लिहून द्यायचा चांगुलपणाचा दाखला. तो नसला की चांगल्या घरात नोकरी नाही. आणि तो द्यायचं मालकावर कायद्याने बंधन नाही. नोकराने खोटा दाखला वापरला तर मात्र शिक्षा, त्यासाठी १७९२ चा खास कायदा. तीस वर्षं राबलेल्या माणसाचं भवितव्य दुसऱ्याच्या लेखणीच्या टोकावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालक बावळट आणि नोकर हुशार ही जोडी काही वुडहाऊसने शोधलेली नाही. रोमन नाटककार प्लॉटसने ख्रिस्तपूर्व १९१ मध्ये 'स्यूडोलस' नाटक केलं, त्यात गुलामच सगळ्या खेळाची सूत्रं हलवतो. स्पेनमध्ये दोन किहोतेबरोबर सांचो पांझा आहे, डिकन्सच्या पिकविकबरोबर सॅम वेलर आहे. सर्वांत धारदार म्हणजे फ्रान्समधला फिगारो. बोमार्शेच्या नाटकात तो सरदाराला उद्देशून स्वगतात म्हणतो की तुम्ही जन्माला येण्याखेरीज दुसरं काय केलंत? सोळाव्या लुईने ते नाटक अडवून धरलं होतं. १७८४ साली ते रंगभूमीवर आलं आणि पाचच वर्षांनी क्रांती झाली.

जीव्हजने असली क्रांती कधी केली नाही. फिगारोला स्वतःचं काही हवं आहे. जीव्हजला काय हवं आहे हे आपल्याला कळतच नाही, कारण गोष्ट सांगतो बर्टी. फक्त एका कथेत, १९२२ च्या 'बर्टी चेंजेस हिज माइंड'मध्ये, जीव्हज स्वतः बोलतो. ती जरूर वाचा. बर्टीच्या मनात येतं की घरात लहान मुलं असावीत, भाच्यांना आणून ठेवावं. जीव्हजला भीती पडते की आपला शांत एकट्या मालकाचा संसार आता मोडला. मग तो काय करतो, तर बर्टीला युक्तीने एका मुलींच्या शाळेत नेऊन भाषणाला उभा करतो. मुलींच्या त्या टक लावून बघण्याने बर्टी इतका घाबरतो की मुलांचं खूळ पुन्हा डोक्यात येत नाही. एरवी आपल्याला वाटतं की जीव्हज मालकासाठी झटतो. इथे कळतं की तो आपली नोकरी सांभाळतो आहे. मालकाला कसं हाताळावं याचं त्याच्याकडे शास्त्र आहे, आणि ते थंड डोक्याचं आहे.

जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली वुडहाऊसची बाजू घेऊन एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक टोचणारी गोष्ट सांगितली, की वुडहाऊसचा खरा गुन्हा म्हणजे त्याने इंग्लंडच्या वरच्या वर्गाला आहे त्याहून फार गोड करून दाखवलं. मला हे पटतं आणि तरी माझं हसू थांबत नाही.

बाजू घ्यायची वेळ का आली होती, ते थोडक्यात सांगतो. १९४० साली वुडहाऊस फ्रान्समध्ये राहत होता. जर्मन आले आणि त्यांनी त्याला पकडून छावणीत टाकलं. १९४१ च्या जूनमध्ये सुटका झाल्यावर बर्लिनच्या रेडिओवरून त्याने अमेरिकेतल्या वाचकांसाठी पाच भाषणं केली. छावणीतल्या गमतीजमती, राजकारण काही नाही. पण शत्रूच्या रेडिओवरून, ऐन युद्धात! इंग्लंडात आग उसळली, देशद्रोही म्हणाले. खरोखर बर्टीला शोभेल असा मूर्खपणा, फक्त कानाशी खाकरून 'हे शहाणपणाचं होणार नाही' असं सांगणारा कुणी जवळ नव्हता. १९४४ साली ब्रिटिश अधिकाऱ्याने चौकशी केली आणि त्याच्यावर खटला भरण्याजोगं काही नाही असा निष्कर्ष काढला. पण तो अहवाल त्याच्या हयातीत बाहेर आला नाही. तो अमेरिकेत राहिला, १९५५ साली तिथला नागरिक झाला, इंग्लंडला परत गेलाच नाही. १९७५ च्या नववर्षाला सरकारने 'सर' केलं आणि दीड महिन्यात तो गेला. ज्या दिवशी आमचे इंग्रजीचे सर गप्प बसले होते, ती बातमी हीच.

त्याच्याबद्दलचा कागद दुसऱ्याच्या कपाटात पडून होता आणि त्याला तो कधी दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला जीव्हजच्या क्लबातलं पुस्तक आठवलं.

जीव्हज ज्या क्लबचा सभासद आहे त्याचं नाव ज्युनिअर गॅनिमीड. फक्त हुजरे आणि बटलर यांचा. 'द कोड ऑफ द वूस्टर्स' या १९३८ च्या कादंबरीत आपल्याला कळतं की त्या क्लबात एक पुस्तक ठेवलेलं आहे. प्रत्येक सभासदाने आपापल्या मालकाची माहिती त्यात लिहायची. नवी नोकरी धरण्याआधी इतरांनी ते चाळायचं. बर्टीवर त्यात अठरा पानं भरलेली आहेत! म्हणजे वुडहाऊसने हसत हसत काय केलं पाहा. खऱ्या जगात मालक नोकराचा दाखला लिहितो. त्याच्या जगात नोकर मालकाचा लिहितो.

१९५३ साली आलेल्या 'रिंग फॉर जीव्हज'मध्ये तर बर्टी दिसतच नाही. दिवस पालटलेत, नोकर मिळत नाहीत, म्हणून तो श्रीमंतांना स्वतःची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या एका शाळेत गेला आहे. मोजे रफू करायला शिकायचे, आणि तिथेही चोरून एका बाईकडून रफू करून घेतो म्हणून नाव काढून टाकतात.

मग येते १९७१ ची 'मच ऑब्लाइज्ड, जीव्हज'. वुडहाऊस तेव्हा नव्वदीला टेकला होता. त्यात एक जुना नोकर जीव्हजला भेटतो आणि सहज 'रेजी' अशी हाक मारतो. बर्टी थक्क होतो. जीव्हजला पहिलं नाव असेल हे त्याच्या कधी मनातच आलेलं नसतं. रेजिनाल्ड! पहिल्या कथेपासून छप्पन्न वर्षांनी.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण मला आमचे मामा आठवले.

मराठी शाळेत शिकलेल्यांना मामा म्हणजे कोण हे सांगायला नको. शाळेचा शिपाई. मुलांचे मामा, शिक्षकांचे मामा, हेडसरांचेही मामा. आमचे मामा उंच, सडसडीत, कमी बोलणारे. कुठल्या वर्गाची कौलं गळतात, कुठल्या मुलाच्या घरी चूल पेटलेली नाही, कुठल्या दोन शिक्षकांना शेजारी बसवू नये, हे त्यांना ठाऊक असायचं.

१९८५ चं स्नेहसंमेलन. सूत्रसंचालन माझ्याकडे. प्रमुख पाहुणे परिसरातले एक बडे गृहस्थ. बक्षीस वाटप दुपारी, उघड्या मैदानावर. ते बोलायला उभे राहिले ते दीड तास थांबेनात. मी दोन चिठ्ठ्या पाठवल्या, त्यांनी त्या वाचून खिशात घातल्या. पाचवीतली एक मुलगी उन्हाने चक्कर येऊन पडली. मी मागे पाण्याच्या टाकीजवळ गेलो. तिथे मामा उभे होते. मी म्हटलं, "मामा, काहीतरी करा हो." ते म्हणाले, "बघतो, सर."

पाच मिनिटांनी घंटा झाली. शाळा सुटल्याची, लांबलचक. सहाशे मुलं एका हालचालीत उभी राहिली आणि रोजच्या सवयीने 'वंदे मातरम्' सुरू झालं. पाहुण्यांना भाषण सोडून ताठ उभं राहावं लागलं. गाणं संपलं, मुलं वळली आणि रांगेने मैदानाबाहेर गेली. पाहुणे हातात कागद घेऊन समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले. मी आभार मानून टाकले.

मामांना विचारलं तर म्हणाले, "हात चुकला, सर. वेळेचा अंदाज राहिला नाही."

आम्ही शिक्षक आठवडाभर हसत होतो. पण पाहुण्यांनी तक्रार केली. संस्थेकडून हेडसरांवर दडपण आलं. मामांना लेखी ताकीद द्यायची ठरली आणि माझं मराठी बरं, अक्षर चांगलं, म्हणून मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथेच सांगायला हवं होतं की घंटा माझ्या सांगण्यावरून झाली. नाही सांगितलं. तेव्हा माझी वरची श्रेणी अडकली होती, घरी दोन लहान मुलं होती... कारणं पुष्कळ असतात.

लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो. 'श्री.' लिहिलं, पुढे काय? अकरा वर्षं मी त्या माणसाच्या हातचं पाणी प्यायलो होतो आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मस्टर मागवून बघावं लागलं. आणि ते मस्टर घेऊन आले ते मामाच.

ताकीद सही करून घेताना त्यांनी कागदाकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर तुमचं आहे, सर. छान आहे."

बस, एवढंच. एक वेतनवाढ वर्षभर लांबली आणि सेवा पुस्तकात नोंद झाली. १९९३ साली ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाचं सूत्रसंचालनही मीच केलं. घंटेची गोष्ट रंगवून सांगितली, सगळे पोट धरून हसले, मामाही हसले. माझा वाटा मी तेव्हाही गाळला. पुढे काही वर्षांनी ते गेले.

आता 'राइट हो, जीव्हज'चा शेवट सांगतो, म्हणजे २०१४ साली मला काय झालं ते तुमच्या लक्षात येईल. त्या पुस्तकात सगळ्यांची भांडणं इतकी विकोपाला जातात की जीव्हज एक उपाय सुचवतो. रात्री आगीची घंटा वाजवायची! बर्टी घंटा वाजवतो, सगळे बाहेर पळतात, दार बंद होतं, आणि किल्ली आणायला बर्टीला अंधारात कित्येक मैल सायकल मारावी लागते. किल्ली मुळात घरीच असते, जीव्हजपाशी. सगळे मिळून बर्टीवर चिडतात आणि त्या भरात आपापसातली भांडणं विसरतात. जीव्हजचा बेतच तो. घंटा वाजते, सगळ्यांचं भलं होतं आणि दोष एकाच्या माथी बसतो. पुस्तकात तो मालकाच्या माथी बसतो. आमच्या शाळेत तो मामांच्या माथी बसला.

म्हणून मला आता वाटतं की या गोष्टी जगाला शंभर वर्षं गोड लागल्या त्याचं कारण हेच असावं. त्यात सगळं उलटं आहे. पुस्तक नोकराच्या हातात आहे, फजिती मालकाची होते आणि मालकाला त्याचं वाईटही वाटत नाही. बर्टी मूर्ख असेल, पण दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन सायकल मारत जातो. डोकं जीव्हजला आहे, पण अशा वेळी माणुसकी बर्टीची दिसते. मला दोन्ही जमलं नाही.

१९७१ च्या त्या कादंबरीच्या शेवटी जीव्हज क्लबच्या पुस्तकातली बर्टीवरची अठराही पानं नष्ट करून टाकतो. मालकाच्या विरोधात पुढे कुणी ती वापरू नयेत म्हणून. सेवा पुस्तकातलं माझ्या अक्षरातलं पान फाडणं मला कधी शक्य नव्हतं. पण ते कसं लिहिलं गेलं हे सांगणं शक्य होतं, आणि तेवढंसुद्धा मी आजपर्यंत केलं नाही.

सुरुवातीला एक कबुली म्हणालो होतो, त्या दोन झाल्या.

मामांचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्या मुलाला विचारलेलं नाही. तो गावातच असतो. पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे, तेव्हा त्याला भेटून हे सगळं सांगीन आणि मग विचारीन. तुमच्याही शाळेत कुणी मामा असतीलच. त्यांचं नाव आठवतंय का, बघा जरा.